जुन्या पिकअपला नव्या गाडीचे आरसे : अमेरिकेतले ट्रकवाले हा खटाटोप का करतात?

अमेरिकेतल्या हायवेवर हे दृश्य हमखास दिसतं. वीस-पंचवीस वर्षं जुनी पिकअप, रंग उडालेला, बंपरला पोचे आलेले, पण दारांना लटकलेले आरसे एकदम नव्या गाडीचे. तेही साधेसुधे नाहीत, हत्तीच्या कानासारखे दोन्ही बाजूंना बाहेर आलेले. बघणाऱ्याला वाटतं, हौस असेल. गाडी जुनी आहे, निदान तोंड तरी नवं दिसू दे.

हौस असतेच. पण मागे ट्रेलर जोडला की हे आरसे हौसेचे राहत नाहीत.

अमेरिकेत पिकअप ही फक्त माल टाकायची गाडी नाही. घोडे न्यायचे, बोट तळ्यावर न्यायची, ट्रॅक्टर हलवायचा, सुट्टीत आख्खं चाकांवरचं घर ओढत फिरायचं, सगळं पिकअपच्या मागे जोडून होतं. या ओढण्याला तिकडे टोइंग म्हणतात आणि त्यासाठी बनवलेल्या लांब आरशांना टो मिरर.

आता हिशोब बघा. फोर्डची एफ-२५० किंवा एफ-३५०, म्हणजे सुपर ड्युटी नावाने ओळखली जाणारी दणकट पिकअप, साधारण २.०३ मीटर रुंद. अमेरिकेच्या मोठ्या हायवेंवर वाहनाची रुंदी १०२ इंचांपर्यंत, म्हणजे साधारण २.५९ मीटरपर्यंत चालते. या मर्यादेत आरसे धरत नाहीत. मोठे ट्रेलर या मर्यादेला टेकूनच बनवले जातात. म्हणजे ट्रेलर गाडीपेक्षा दोन्ही बाजूंना २८-२८ सेंटीमीटर जास्त रुंद. आपल्या मापात सांगायचं तर एक वीत आणि वर तीन-चार बोटं.

साधा आरसा दारापासून जेमतेम तेवढाच बाहेर येतो. त्यामुळे ड्रायव्हरने आरशात बघितलं की काचेच्या बहुतेक भागात त्याला स्वतःच्याच ट्रेलरची पुढची भिंत दिसते. बाहेरच्या कडेला जी चिंचोळी पट्टी उरते तिच्यात रस्ता. ट्रेलरचं चाक कुठे आहे, ते पांढऱ्या पट्टीवर चढलंय का, ट्रेलरच्या बाजूला चिकटून कोणी चाललंय का, काहीच धड कळत नाही. ताशी १०० किलोमीटरच्या वेगात, पाठीमागे चार-पाच टन वजन असताना लेन बदलायची, तीही अंदाजाने.

उसाच्या हंगामात कोल्हापूर-सांगलीच्या रस्त्यावर दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरला ज्याने ओव्हरटेक केलंय त्याला हे वेगळं समजवायला नको. पुढच्याला मागचं काही दिसत नाही हे गृहीत धरूनच आपण हॉर्न वाजवत पुढे जातो.

कॅलिफोर्नियासारख्या राज्यात तर कायदाच आहे, की आरशातून मागचा रस्ता किमान २०० फूट, म्हणजे साधारण ६१ मीटर दिसला पाहिजे. ट्रेलरने आरसा झाकला तर ही अट तिथेच मोडते. म्हणून टो मिरर. त्याचा हात दुर्बिणीसारखा सरकून बाहेर येतो आणि काच ट्रेलरच्या रेषेच्या बाहेर जाते. मग ट्रेलरची आख्खी बाजू, चाकांसकट, एका नजरेत.

आता प्रश्न असा, की यासाठी नवीन गाडी का घेत नाहीत?

कारण जुनी सोडवत नाही. फोर्डच्या या गाड्यांमध्ये २००३ पर्यंत ७.३ लिटरचं पॉवर स्ट्रोक डिझेल इंजिन यायचं. ते नॅव्हिस्टार कंपनी बनवायची. या इंजिनाचे भक्त आजही आहेत. लाखो मैल चाललेली इंजिनं लोक अभिमानाने दाखवतात. शिवाय इलेक्ट्रॉनिक्स कमी, त्यामुळे घरच्या शेडमध्ये दुरुस्ती जमते. नवीन हेवी ड्युटी पिकअप घ्यायची तर ५० हजार डॉलर सहज लागतात. इंजिन ठणठणीत आहे, फक्त आरसा छोटा आहे, तर आरसाच बदला. साधा हिशोब.

यात फोर्डने नकळत मोठी सोय करून ठेवली. सुपर ड्युटी आली १९९९ च्या मॉडेलपासून. पुढे २००८ ला चेहरा बदलला, २०११ ला पुन्हा बदलला, पण केबिनचा मूळ सांगाडा २०१६ पर्यंत तोच राहिला. २०१७ ला ॲल्युमिनियमची नवी बॉडी आली तेव्हा तो बदलला. सांगाडा तोच म्हणजे दारही जवळपास तेच. त्यामुळे २००८ नंतरचा मोठा टो मिरर १९९९ च्या दारावर बोल्टला बोल्ट जुळवून बसतो.

सगळ्यांचं नशीब असं नसतं. १९९४ ते २००१ च्या डॉज रॅमवर २०१० नंतरचे आरसे लावायचे तर दाराचा आकारच जुळत नाही. मध्ये धातूची जोडपट्टी लागते. अशा पट्ट्या तयार मिळतात, काही जण स्वतः कापून घेतात. पण ते आरसे असे आहेत, की उभे फिरवले की लांब होतात आणि आडवे केले की आखूड. त्या एका गोष्टीसाठी लोक जोडपट्टीचा व्याप करतात.

नव्या आरशात असं काय असतं? पहिली गोष्ट काच. वर मोठी सपाट काच आणि खाली छोटी फुगीर काच. सपाट काचेत वस्तू जेवढ्यास तेवढी दिसते, त्यामुळे मागून येणारी गाडी किती लांब आहे, किती वेगात आहे हे ओळखता येतं. फुगीर काचेत जास्त परिसर मावतो, पण सगळं लहान आणि लांब दिसतं. म्हणून तर कारच्या आरशावर तो सुप्रसिद्ध इशारा असतो, की वस्तू दिसतात त्यापेक्षा जवळ आहेत. अमेरिकेच्या नियमात ड्रायव्हरच्या बाजूचा मुख्य आरसा सपाटच हवा. शेजारच्या बाजूला फुगीर चालतो, पण त्याची वक्रता ८८९ ते १६५१ मिलिमीटर त्रिज्येच्या मध्ये हवी आणि त्यावर तो इशारा छापलेला हवा. टो मिररमध्ये दोन्ही काचा एकत्र असतात. वरची लांबचं बघायला, खालची ट्रेलरचं चाक बघायला.

दुसरी गोष्ट वीज. नव्या आरशात काच गरम करायची जाळी असते, वळणाचा दिवा असतो, बाजूला पिवळा पार्किंगचा दिवा असतो. २००८ च्या सुपर ड्युटीपासून तर बटण दाबलं की आरसा आपोआप मिटणारा आणि बाहेर सरकणारा प्रकारही आला. फोर्डने त्याला पॉवरस्कोप असं नाव दिलं.

बोल्ट जुळले म्हणजे काम झालं असं समजणारे इथे फसतात, कारण प्लग जुळत नाही.

आरसा चढवणं हा अर्ध्या तासाचा खेळ. काच वर करायची, दाराच्या आतलं प्लॅस्टिकचं आवरण काढायचं, आरशामागचे नट सोडायचे. नट सोडताना दाराच्या पोकळीत एक फडकं कोंबून ठेवायचं. नट आत पडला, की पुढचा तास मॅग्नेट घेऊन तो शोधण्यात जातो. नवा आरसा बसवताना त्याच्या मागची रबरी गादी नीट बसली पाहिजे, नाहीतर पावसाचं पाणी आत येतं आणि हायवेवर वारा शिट्टी वाजवत बसतो. नटही ताकद लावून आवळायचा नाही. जुन्या दाराचं काही होत नाही, आरशाचा बूडच तडकतो.

खरा वेळ जातो वायरिंगला. आरशाच्या आत दोन छोट्या मोटरी असतात. एक काच वर-खाली करते, दुसरी डावी-उजवीकडे. या दोघींना मिळून तीन वायरी पुरतात, एक सामाईक आणि एकेक वेगळी. मोटर उलटी फिरवायची तर स्विच फक्त प्लस-मायनसची अदलाबदल करतो. म्हणून नवा आरसा लावल्यावर बटण वर दाबलं आणि काच खाली गेली तर घाबरायचं कारण नाही. दोन वायरी उलट्या लागल्यात, एवढंच. ज्यांना हे वायर तोडणं-जोडणं नको असतं त्यांच्यासाठी एका टोकाला जुना प्लग आणि दुसऱ्या टोकाला नवा प्लग असलेली तयार वायर मिळते.

गरम काचेचा भाग नाजूक. जुन्या अनेक पिकअपमध्ये ही सोय नव्हतीच, त्यामुळे तिचा स्विचही नाही. ही जाळी काही अँपिअर करंट ओढते. ती पार्किंग लाईटच्या बारीक वायरीला जोडून मोकळं होण्याचा मोह अनेकांना होतो. वायर तापते, फ्यूज उडतो, आणि फ्यूजच्या जागी कुणी भलतंच काही लावलं तर आग लागते. वेगळा फ्यूज, रिले आणि स्विच टाकणं हाच मार्ग.

वळणाच्या दिव्यात तर खास अमेरिकन गंमत आहे. तिकडच्या बहुतेक जुन्या पिकअपना मागे पिवळा इंडिकेटर नसतो. ब्रेकचा आणि वळणाचा दिवा एकच, लाल. आरशाच्या दिव्यासाठी कुणी या मागच्या वायरीवरून करंट घेतला, तर ब्रेक दाबला की आरशातले दोन्ही पिवळे दिवे पेटतात. पुढून येणाऱ्याला काही कळेनासं होतं. म्हणून करंट नेहमी पुढच्या इंडिकेटरच्या वायरीवरून घेतात. आरशातला दिवा छोटा एलईडी असतो. तो मूळ बल्ब तसाच ठेवून जास्तीचा जोडलेला असल्यामुळे इंडिकेटर भराभर उघडझाप करू लागण्याची भीती नसते. ती भानगड मूळ बल्ब काढून त्या जागी एलईडी टाकला की होते.

या सगळ्या वायरी दार आणि बॉडी यांच्या मधल्या रबरी नळीतून न्याव्या लागतात. वीस वर्षं दार उघड-बंद होऊन तिथल्या जुन्या वायरींचं आवरण कडक झालेलं असतं. नवी वायर ओढताना जुनी तुटली, की आरसा राहतो बाजूला आणि दाराची काच बंद पडते. म्हणून जाणकार आधी तिथे सिलिकॉनचा फवारा मारतात आणि नव्या वायरीला थोडी ढील ठेवतात.

भंगाराच्या यार्डात आरसे शोधणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवलेलं बरं. अगदी अलीकडच्या बऱ्याच गाड्यांमध्ये बटणाचा करंट थेट मोटरीला जात नाही. मध्ये दारातला छोटा कॉम्प्युटर असतो आणि तो हुकूम देतो. असा आरसा जुन्या गाडीवर लावला तर त्याला हुकूम देणारं कोणी नाही. तसंच आरशात कोपऱ्यात दिसणारी ब्लाइंड स्पॉटची खूण. ती पेटवणारा सेन्सर आरशात नसून गाडीच्या मागच्या भागात असतो. जुन्या गाडीवर ती खूण नुसती शोभेला राहते.

मग ओरिजिनल घ्यायचे की नक्कल? ओरिजिनलची जुनी जोडी घ्यायची तरी काही शे डॉलर जातात, नक्कल त्याहून स्वस्त पडते. फोटोत फरक कळत नाही, हायवेवर कळतो. नक्कल केलेल्या आरशाचा सरकणारा हात ढिला असेल तर ताशी १०० ला काच थरथरते. रात्री मागच्या गाडीच्या दिव्यांच्या जागी नुसत्या हलत्या रेघा दिसतात. मागची गाडी एक आहे की दोन, हेच कळत नसेल तर एवढा लांब आरसा लावून उपयोग शून्य.

शेवटचं काम आरसा सेट करण्याचं. ते ट्रेलर जोडून, सपाट जागेवर, गाडी आणि ट्रेलर सरळ रेषेत असतानाच करायचं असतं. वरच्या काचेत आतल्या कडेला ट्रेलरची बारीक पट्टी आणि बाकी सगळा रस्ता. खालच्या काचेत ट्रेलरचं चाक आणि त्याच्या शेजारची लेन. दोन्ही काचा वेगवेगळ्या वळवता येतात, त्यामुळे एकीसाठी दुसरी बिघडवावी लागत नाही.

आणि ट्रेलर सोडला, की आरसे पुन्हा आत सरकवायचे. अमेरिकेत बँकेपासून बर्गरपर्यंत सगळं गाडीत बसून खिडकीतून घेता येतं आणि त्या चिंचोळ्या लेनच्या कडेला खांब असतात. बाहेर काढलेले आरसे विसरून त्या लेनमध्ये शिरलेल्या ड्रायव्हरला पुन्हा भंगाराच्या यार्डात चक्कर मारावी लागते, या वेळी फक्त एका बाजूच्या आरशासाठी.