सुवासाची पारख : घरगुती सोया मेणबत्ती आणि तिची खरी ताकद

मुंबई आणि पुणे यांच्या मधोमध, बोरघाटाच्या पायथ्याशी वसलेल्या कर्जत आणि खालापूर तालुक्यांत शनिवार-रविवारची वर्दळ आता नित्याची झाली आहे. उल्हास आणि पाताळगंगा या नद्यांच्या खोऱ्यांत भातशेतीच्या शेजारी फार्महाउस आणि रिसॉर्ट उभी राहिली. पाहुण्यांच्या खोलीत ठेवण्यासाठी, लग्नातील आहेरासाठी आणि दिवाळीच्या भेटींसाठी सुगंधी मेणबत्त्यांची मागणी त्यांच्याबरोबर आली. भांडवल थोडे, जागा स्वयंपाकघराएवढी आणि माल नाशवंत नाही. त्यामुळे व्यापारी घरांतील गृहिणींना आणि शिकत्या मुलींना हा गृहउद्योग सोयीचा वाटतो.

या धंद्यात पहिली तक्रार बहुधा एकच येते : वास येत नाही. तिच्यावरचा पहिला उपायही बहुधा एकच केला जातो : आणखी तेल घालणे. नुकसानीची सुरुवात नेमकी येथे होते. जास्तीच्या तेलाने खर्च वाढतो, वात गुदमरते, प्रसंगी ज्योत भडकते, आणि सुवास मात्र होता तेवढाच राहतो. मेणबत्तीचा सुवास वाढवायचा असेल तर आधी तो मोजता आला पाहिजे. त्यासाठी सर्वांत कमी भरवशाचे साधन म्हणजे बनवणाऱ्याचे स्वतःचे नाक.

सोया मेण म्हणजे काय

सोयाबीनचे तेल निकेलच्या सान्निध्यात हायड्रोजन वायूशी संयोग पावले की घट्ट होते. या प्रक्रियेचे पेटंट विल्हेल्म नॉर्मान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९०२ मध्ये घेतले. आपल्याकडील वनस्पती तूप याच प्रक्रियेतून आले. अमेरिकेतील आयोवा राज्यात मायकेल रिचर्ड्स यांनी १९९०च्या दशकाच्या आरंभी मधमाशीच्या महागड्या मेणाला पर्याय शोधताना हेच तंत्र मेणबत्तीकडे वळवले आणि सोया मेण प्रचारात आले.

काचेच्या पेल्यात ओतायचे सोया मेण साधारण ४६ ते ५४ अंश सेल्सिअसला वितळते. पेट्रोलियमपासून मिळणाऱ्या पॅराफिनच्या मानाने ते मऊ असते आणि सुगंधी तेल हळूहळू सोडते. म्हणून पॅराफिनच्या मेणबत्तीला लावलेले माप सोया मेणाला जसेच्या तसे लागू पडत नाही.

सुवासही दोन प्रकारचा असतो. न पेटवलेल्या मेणबत्तीचे झाकण उघडल्यावर येतो तो थंड सुवास, आणि ज्योतीभोवती वितळलेल्या मेणाच्या तळ्यातून उठून खोलीत पसरतो तो जळता सुवास. दुकानात गिऱ्हाईक थंड सुवासावर खरेदी करते, पण दुसऱ्यांदा येते ते जळत्या सुवासावर. संत्रे-लिंबाच्या तेलातील घटक चटकन उडतात, म्हणून त्यांचा थंड सुवास जोरकस असतो आणि ज्योत लागल्यावर लवकर ओसरतो. वाळा आणि चंदन यांचे जड घटक सावकाश उठतात, पण खोलीत दीर्घकाळ रेंगाळतात.

नाक का फसते

नाकातील गंधग्राहकांचा शोध लावल्याबद्दल रिचर्ड ॲक्सेल आणि लिंडा बक यांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. माणसात असे सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक कार्यरत असतात. एकच गंध सतत येत राहिला तर काही मिनिटांतच ही यंत्रणा त्याची दखल घेणे कमी करते. दिवसभर मोगऱ्याच्या तेलात हात घालणारीला संध्याकाळी मोगऱ्याची मेणबत्ती फिकी वाटते, हा मालाचा दोष नसून थकलेल्या नाकाचा निवाडा आहे. नाक ताजे करण्यासाठी कॉफीच्या बिया हुंगण्याची प्रथा आहे, पण साध्या मोकळ्या हवेपेक्षा त्यांचा अधिक उपयोग होत नाही, असे प्रयोगांत दिसले आहे. दहा-पंधरा मिनिटे अंगणात जाऊन येणे पुरेसे आहे.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. तेल दुप्पट केले म्हणून सुवास दुप्पट जाणवत नाही. सहा टक्क्यांवरून आठ टक्क्यांवर गेल्यास फरक कळू शकतो. आठवरून दहावर गेल्यास तो पुष्कळदा कळतही नाही, पण तेलाचा खर्च एक चतुर्थांशाने वाढतो.

घरच्या घरी निष्पक्ष परीक्षा

परीक्षेसाठी एकाच मेणाच्या, एकाच मापाच्या पेल्यात, एकाच जातीची वात घालून तीन नमुने करावेत आणि त्यांत एकच गोष्ट बदलावी. उदाहरणार्थ तेल ६, ८ आणि १० टक्के. नमुन्यांवर नावाऐवजी खुणेचा आकडा लिहावा आणि त्याची नोंद परीक्षा न देणाऱ्या व्यक्तीकडे ठेवावी.

साधारण १० फूट लांब-रुंद खोलीत पंखा आणि खिडक्या बंद करून एक नमुना तीन तास जाळावा. मग बाहेरून आलेल्या व्यक्तीने दाराशी थांबावे, नंतर हातभर अंतरावर जावे आणि मिनिटाभरात बाहेर पडून ० ते ५ यांपैकी एक गुण वहीत लिहावा. वासच नसेल तर ०, जवळ गेल्यावरच कळला तर १, दाराशी स्पष्ट कळला तर ३, आणि डोके जड करणारा असेल तर ५. सर्वांचे लिहून होईपर्यंत कोणी बोलू नये. एकाच्या 'छान' म्हणण्याने दुसऱ्याचे नाक बदलते. दोन नमुन्यांच्या मध्ये खोली तासभर उघडी ठेवावी. सर्दी झालेल्यांना वगळावे, पण घरातील वडीलधाऱ्यांना अवश्य घ्यावे. वयानुसार गंधाची जाणीव मंदावते आणि गिऱ्हाइकांत त्यांचीही संख्या असते.

थंड सुवासासाठी आणखी सोपी कसोटी आहे. तीन पेल्यांपैकी दोन सारखे आणि एक वेगळा ठेवून वेगळा कोणता ते विचारावे. नुसत्या अंदाजाने सहा जणांपैकी दोघे बरोबर ठरतात. चौघे बरोबर येणेही दहात एखाद्या वेळी निव्वळ योगायोगाने घडते. पाच किंवा सहा जणांनी ओळखले तरच फरक खरा मानावा. जादा तेलाचा पैसा खर्च करण्याआधी एवढा पुरावा मागणे व्यवहाराला धरून आहे.

सुवास वाढतो तो कशाने

पहिले, वजनाने. तेल मिलिलिटरने मोजू नये, कारण प्रत्येक तेलाची घनता निराळी असते. सराफी दुकानात असतो तसा लहान काटा येथे कामी येतो. २०० ग्रॅम मेणाला ८ टक्के म्हणजे १६ ग्रॅम तेल. मात्र हाच आकडा एकूण २१६ ग्रॅमवर काढला तर ७.४ टक्के होतो. म्हणून टक्केवारी कशावर काढली ते वहीत लिहून ठेवावे. बहुतेक सोया मेणांची मर्यादा ६ ते १० टक्क्यांच्या दरम्यान असते. विक्रेत्याने सांगितलेली मर्यादा ओलांडल्यास न जिरलेले तेल पृष्ठभागावर किंवा तळाशी साचते, आणि ते पेट घेऊ शकते. कपड्यांना लावायचा अल्कोहोलयुक्त परफ्यूम तर मेणात कधीही घालू नये.

दुसरे, उष्णतेने. गरम पाण्याच्या पातेल्यात दुसरे भांडे ठेवून मेण वितळवावे, थर्मामीटरवर ८० ते ८५ अंश दिसल्यावर तेल घालावे आणि दोन मिनिटे सावकाश ढवळावे. ओतण्याचे तापमान मेणानुसार बदलते. बहुधा ते ५५ ते ६५ अंशांत बसते.

तिसरे, मुरवण्याने. लोणच्याप्रमाणे सोया मेणबत्तीही मुरावी लागते. झाकण लावून दहा ते चौदा दिवस ठेवल्यावर तिचा जळता सुवास खुलतो. ओतल्याच्या दुसऱ्या दिवशी पेटवून 'वास नाही' असा निर्णय देणे ही अत्यंत सर्वसाधारण घाई आहे.

चौथे आणि सर्वांत दुर्लक्षित, वातीने. सुवास उठतो तो वितळलेल्या मेणाच्या तळ्यातून. साडेसात सेंटिमीटर व्यासाच्या पेल्यात सुमारे तीन तासांत मेण कडेपर्यंत वितळावे आणि तळे साधारण एक सेंटिमीटर खोल व्हावे. मध्येच खड्डा पडून कडेचे मेण तसेच राहिले तर वात एक माप जाड घ्यावी. काजळी धरत असेल किंवा वातीच्या टोकाशी छत्रीसारखी गाठ होत असेल तर एक माप बारीक घ्यावी, कारण मोठी ज्योत सुवास पसरवण्याऐवजी जाळते. नऊ-दहा सेंटिमीटरच्या पेल्याला दोन वाती लागतात. तेल न वाढवता केवळ वात बदलून निम्म्याहून अधिक तक्रारी मिटू शकतात.

पाचवे, खोलीने. १० फूट लांब, रुंद व उंच खोलीत १,००० घनफूट हवा असते. २० बाय १५ फुटांच्या, ११ फूट उंच दिवाणखान्यात ३,३०० घनफूट. अशा दालनासाठी एका पेल्यात जादा तेल भरण्यापेक्षा दोन-तीन पेले ठेवणे हा खरा उपाय, आणि ते गिऱ्हाइकाला आधीच सांगणे हे विक्रेत्याचे कर्तव्य.

येथील हवामान

कर्जतला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. दमट दिवसांत सुती वाती हवाबंद डब्यात ठेवाव्यात आणि भांडी पूर्ण कोरडी असावीत; मेणात पाण्याचा थेंब राहिला तर वात तडतडते. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी गाठतो. बंद टेम्पोतील उष्णता याहून पुष्कळ वाढते, मेण मऊ पडते आणि तेल वर घामासारखे सुटते. म्हणून माल पहाटे, झाकणासह पाठवावा. पावसाळ्यात बंद खोलीत उत्तम ठरलेली मेणबत्ती मे महिन्यात पंख्याखाली फिकी वाटू शकते. वहीत हवामानाचा रकाना असलाच पाहिजे.

जैन घरातील आणखी काही प्रश्न

आपल्या घरांत सुवासाच्या ताकदीइतकेच त्याच्या उगमालाही महत्त्व आहे. मधमाशीचे मेण टाळणारे मेण घट्ट करण्यासाठी स्टिअरिक ॲसिड वापरतात. ते वनस्पतिजन्य असते तसे प्राण्यांच्या चरबीपासूनही असू शकते. कस्तुरी, अंबर आणि जवादी मांजराचा मद हे पूर्वापार प्राणिज सुगंध. आज त्यांचे प्रयोगशाळेत बनलेले पर्याय सर्रास मिळतात, तरी विक्रेत्याकडून लेखी खात्री घ्यावी. ज्योतीकडे कीटक ओढले जातात, आणि चातुर्मासात तर विशेष. म्हणून उघड्या खिडकीजवळ व अंगणात मेणबत्ती लावू नये. तेजस्कायाचा विचार करून ज्योतच टाळणाऱ्या कुटुंबांसाठी विजेच्या मंद तव्यावर ठेवायच्या सुगंधी मेणाच्या वड्या करता येतात. त्यांची परीक्षाही वर सांगितल्याप्रमाणेच घ्यावी.

वेष्टनावर काय असावे

मेणाचे वजन, ओतल्याची तारीख, किती मोठ्या खोलीसाठी आणि सलग चार तासांहून अधिक जाळू नये ही सूचना, एवढे प्रत्येक पेल्यावर असावे. पहिल्या वेळी मेण कडेपर्यंत वितळू द्यावे आणि दर वेळी वात पाच-सहा मिलिमीटर ठेवून कापावी, हेही लिहावे. जे परीक्षेत सिद्ध झाले नाही ते वेष्टनावर येऊ नये. 'अतिसुगंधी' हा शब्द छापणे सोपे असते, पण परत आलेल्या मालासोबत पतही परत जाते.

दिवाळीची तयारी करणाऱ्यांनी दिवस उलटे मोजावेत. मुरवण्यास दोन आठवडे, परीक्षेस काही दिवस, वात किंवा प्रमाण बदलून पुन्हा मुरवण्यास आणखी दोन आठवडे, आणि शेवटी वेष्टन व पाठवणी. अनंत चतुर्दशीपासून दिवाळीच्या अमावास्येपर्यंत सामान्य वर्षी सुमारे साडेसहा आठवडे मिळतात. पर्युषण आटोपताच पहिले तीन नमुने ओतले, तर हा सारा क्रम घाई न करता पुरा होतो.