सलाफहादच्या पाच लेकी

वडील गेले की रावेर-सावदा भागात पहिली धावपळ सातबाऱ्याची. वारसांच्या यादीत बहिणींची नावे लागतात, कारण कायदा ती गाळू देत नाही. पाठोपाठ हक्कसोडपत्राची तयारी सुरू होते. तुझे घर भरलेले, तुला केळीची बाग काय करायची, एवढे भावाने म्हटले की पुरते. सही नाही केली तर माहेर तुटण्याची धास्ती.

याच प्रश्नावरचा एक फार जुना दावा बायबलमधल्या ‘गणना’ या पुस्तकात नोंदलेला आहे. इस्राएलाच्या मनश्शे वंशातला सलाफहाद ना लढवय्या, ना राजा. अरण्यातल्या भटकंतीत तो वारला. वंशावळींच्या लांबलचक याद्यांत असा माणूस सहज हरवला असता. पण त्याला मुलगा नव्हता. महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा या पाच मुली तेवढ्या मागे राहिल्या.

त्या दर्शनमंडपाच्या, म्हणजे उपासनेच्या तंबूच्या, दाराशी इस्राएलांचा नेता मोशे, याजक एलाजार आणि सगळ्या सरदारांपुढे उभ्या राहिल्या. बाप मोशेविरुद्धच्या कोरहाच्या बंडात नव्हता, हे त्यांनी आधीच सांगून टाकले. मग केवळ मुलगा नाही म्हणून त्याचे नाव का पुसायचे, काकांच्या बरोबरीने आम्हाला जमीन द्या, अशी मागणी केली. वकिलालाही हेवा वाटावा अशी ही मांडणी. मोशेने प्रश्न देवापुढे नेला आणि निकाल मुलींच्या बाजूने लागला: मुलगा नसेल तर वारसा मुलीला.

पण भाऊबंद गप्प बसणारे नव्हते. मुली दुसऱ्या वंशात गेल्या तर जमीनही जाईल, अशी तक्रार आली आणि त्याच पुस्तकाच्या शेवटी अट पडली की, लग्न आपल्याच वंशात करायचे. पाचही जणींनी चुलतभावांशी लग्ने केली. हक्क मिळाला, पण शिवार भावकीतच राहिले. हा डाव आपल्याकडे कोणाला शिकवायला नको.

या कथेला दुसरी बाजूही आहे. 1910 मध्ये प्राचीन इस्राएलातल्या शोमरोन या नगराच्या उत्खननात शाईने लिहिलेली खापरे सापडली. तेल आणि मद्याच्या आवकीच्या या नोंदी इसवी सनपूर्व आठव्या शतकातल्या. त्यांत नोआ आणि होग्ला ही नावे मुलखाची म्हणून येतात. तिरसा तर इस्राएलची एके काळची राजधानी. म्हणजे या वंशावळीत माणसांबरोबर भूगोलही गोवलेला आहे. बहिणी प्रत्यक्ष होत्या की त्या परगण्यांच्या कथा, याचा निवाडा अवघड. जमीन मागणाऱ्यांची नावे जमिनीलाच चिकटलेली आहेत, एवढे खरे. भाटांच्या वह्यांत मुलींची नावे शोधणाऱ्यांना ही गोष्ट विशेष वाटेल.

आपला हिंदू वारसा कायदा त्या निकालापुढे गेला. भाऊ असला तरी मुलीचा हिस्सा आहे. महाराष्ट्राने 1994 मध्ये वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना जन्मसिद्ध हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळून. केंद्राच्या 2005 च्या दुरुस्तीने तो भेद मिटवला. हा हक्क जन्मानेच मिळतो, त्यासाठी 2005 मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी स्पष्ट केले.

हक्क सोडायचा की ठेवायचा, हे बहिणीने ठरवावे. मात्र नोंदणी झालेले हक्कसोडपत्र मागे घेणे सोपे नसते. तेव्हा सही करण्याआधी कागद पूर्ण वाचा, आणि वाचता येत नसेल तर भावाकडून नव्हे, तिऱ्हाईताकडून वाचून घ्या.