आंधळे दळते, पीठ कोणाचे?

‘आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते’ ही म्हण आपण कारभारातील गोंधळाची थट्टा करण्यासाठी सर्रास वापरतो. पण त्या म्हणीत नकळत दिलेली एक कबुली सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. आंधळे दळते, म्हणजे ते काम करते. जाते ओढावयास डोळे लागत नाहीत. उणीव दळणाऱ्याच्या हातांत नाही, दळलेले पीठ त्याच्या पदरात पडू न देणाऱ्या व्यवस्थेत आहे. दृष्टिहीन विद्यार्थ्यांच्या व्यावसायिक शिक्षणाचा विचार याच जाणिवेने झाला पाहिजे.

शालान्त परीक्षेचे निकाल लागले, की लेखनिकाच्या साह्याने उत्तम गुण मिळविणाऱ्या दृष्टिहीन मुलामुलींची छायाचित्रे वृत्तपत्रांत झळकतात. त्यांचे कौतुक व्हावे हे योग्यच. परंतु पुढे चार-पाच वर्षांनी त्यांच्या हाती पहिले वेतन पडले की नाही, याची चौकशी करावयास कोणी जात नाही. आम्ही वृत्तपत्रवालेही जात नाही, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

मुंबईत या शिक्षणाची परंपरा जुनी आहे. अमेरिकन मिशनची, आज दादरला असलेली अंधशाळा १९०० सालची. ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा १९०२ सालची. १९५२ साली नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था याच शहरात स्थापन झाली. खुर्च्यांचे वेतकाम, विणकाम, मेणबत्त्या आणि खडू तयार करणे, मालिश, दूरध्वनीच्या जोडण्या देणे अशी कामे अशा संस्थांतून शिकविली गेली. स्पर्श आणि श्रवण यांवर भागणारे हे उद्योग होते आणि त्यांवर कित्येकांचे संसार उभे राहिले. महाबळेश्वरला भावेश भाटिया यांनी मेणबत्त्यांचाच उद्योग वाढवून अनेक दृष्टिहीनांना काम दिले, हे उदाहरण सर्वश्रुत आहे.

पण काळ कोणासाठी थांबत नाही. वेताच्या खुर्चीची जागा प्लास्टिकने घेतली. दूरध्वनीच्या जोडण्या यंत्रे आपोआप देऊ लागली. खडूचा फळा अनेक वर्गांतून गेला. शिकलेले कौशल्य कायम राहिले आणि त्याचे गिऱ्हाईक मात्र नाहीसे झाले. ज्या यंत्रयुगाने ही दारे लावली, त्यानेच दुसरी उघडलीही आहेत. पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणाऱ्या प्रणालींमुळे दृष्टिहीन व्यक्ती आज संगणकावर पत्रव्यवहार करते, हिशेब ठेवते, आज्ञावली लिहिते. एनव्हीडीए ही अशी प्रणाली २००६ पासून विकसित होत आली असून ती विनामूल्य मिळते. म्हणजे अडचण साधनाच्या किमतीची तितकीशी राहिलेली नाही; ते शिकविणाऱ्या शिक्षकाची आणि शिकलेल्याला काम देणाऱ्या मालकाची आहे.

कायदा या बाबतीत मुका नाही. दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या अधिनियमाने सरकारी नोकऱ्यांत किमान चार टक्के जागा राखल्या असून त्यांपैकी एक टक्का अंध व अल्पदृष्टी उमेदवारांसाठी आहे. केवळ दृष्टिहीनतेच्या कारणावरून कोणाला न्यायिक सेवेस अपात्र ठरविता येणार नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये दिला. तरीही कायद्याचा कागद आणि कचेरीचा उंबरठा यांत अंतर उरतेच. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत उत्तीर्ण झाल्या, तेव्हा वाट्यास आलेली सेवा त्यांना दृष्टिहीनतेमुळे नाकारली गेली. पुढच्या परीक्षेत त्या अधिक वरच्या क्रमांकाने आल्या आणि भारतीय प्रशासन सेवेत दाखल झाल्या. त्यांची जिद्द वंदनीय आहे. पण व्यवस्थेची चूक उमेदवाराने दुसरी परीक्षा देऊन दुरुस्त करावी, हा न्याय नव्हे.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. प्रशिक्षणसंस्थेचे मोल तिने वाटलेल्या प्रमाणपत्रांवरून न करता, वर्षभरानंतर तिचे किती विद्यार्थी कमावते राहिले यावरून करावे. प्रत्येक अभ्यासक्रमाला खऱ्या कचेरीतील किंवा कारखान्यातील सवेतन उमेदवारीची जोड द्यावी. आणि पांढरी काठी घेऊन एकट्याने आगगाडी, बस व रस्ता गाठण्याचे शिक्षण हा व्यवसायशिक्षणाचाच भाग मानावा. कारण ज्याला कामावर पोचता येत नाही, त्याचे कौशल्य घरातच गंजते.

शेवटी दोन शब्द आमच्या वाचकांसाठी. मुलाच्या वाढदिवशी अंधशाळेत गोडाचे जेवण देणारी कुटुंबे या शहरात पुष्कळ आहेत. त्या भावनेला आम्ही नावे ठेवीत नाही. पण त्याच कुटुंबातील कर्ता पुरुष किंवा कर्ती स्त्री कचेरीत नेमणुका करावयास बसते, तेव्हा दृष्टिहीन उमेदवाराचा अर्ज ‘हे काम त्याला कसे जमेल?’ या एका प्रश्नासरशी बाजूस पडतो. तो प्रश्न उमेदवारालाच विचारावा. बहुधा त्याच्यापाशी उत्तर तयार असते. एका दिवसाच्या पक्वान्नाने पुण्य लागत असेल, पण महिन्याच्या वेतनाने माणूस स्वतःच्या घरी स्वतःची चूल पेटवितो. दळणारे हात सज्ज आहेत. पीठ त्यांच्याच पदरात पडेल, एवढे पाहणे डोळसांचे काम आहे.