मोगऱ्याला कात्री का लावायची?

मोगऱ्याची कळी येते नव्या फुटीच्या टोकाशी. म्हणजे नवी फूट जितकी जास्त, तितकी फुले जास्त. पण शेंड्यात तयार होणारे ऑक्सिन हे संप्रेरक खाली उतरते आणि पानांच्या बेचक्यांतले डोळे झोपवून ठेवते. शेंडा छाटला की ते जागे होतात. पाने सहसा जोडीने, म्हणून एका पेरावर डोळे दोन! मात्र २०१४ साली वाटाण्यावरील प्रयोगांत दिसले, की जागे होण्याचा पहिला इशारा ऑक्सिन घटल्याचा नसून डोळ्यांकडे वळलेल्या साखरेचा असतो. छाटणी डिसेंबर-जानेवारीत करावी. आम्ही एकदा मार्चअखेरीस केली. कळ्यांसकट शेंडे गेले आणि ऐन बहराच्या दिवसांत झाड नुसत्या पानांचे राहिले. वर्गासाठी एक फांदी छाटावी, शेजारची तशीच ठेवावी आणि दर आठवड्याला फुटलेले डोळे मोजावेत.