द्रव-स्फटिक बहुवारिके : प्रवाहातली शिस्त

जो पदार्थ द्रवाप्रमाणे वाहतो, पण ज्याचे रेणू स्फटिकातल्याप्रमाणे एका दिशेने रांगेत राहतात, त्याला द्रव-स्फटिक म्हणतात. हा गुण लांब साखळीच्या रेणूंत, म्हणजे बहुवारिकांत (पॉलिमरमध्ये), असला की ती द्रव-स्फटिक बहुवारिके ठरतात.

प्रकार : काही बहुवारिके विद्रावकात विरघळल्यावर ही अवस्था धारण करतात, ड्यूपाँ कंपनीत १९६५ मध्ये स्टेफनी क्वोलेक यांच्या संशोधनातून पुढे आलेले केवलार त्यांपैकीच असून, त्याचा धागा समान वजनाच्या पोलादाच्या सुमारे पाचपट बळकट असतो. झायडार आणि व्हेक्ट्रा ही १९८०च्या दशकाच्या मध्यास बाजारात आलेली पॉलिएस्टरे मात्र उष्णतेने वितळल्यावर या अवस्थेत येतात.

गुण-दोष : वितळलेले बहुवारिक सहज वाहून अतिशय पातळ साचेही भरते, ओलावा नगण्य शोषते आणि डाख देतानाची उष्णता सोसते, म्हणून इलेक्ट्रॉनिक उपकरणांतील कनेक्टरांसाठी ते वापरले जाते, तथापि प्रवाहाच्या दिशेत मिळणारे बळ आडव्या दिशेत मिळत नाही आणि साच्यात दोन प्रवाह जुळतात तो सांधा कमकुवत राहतो.

चकत्यांचे रेणू : नागपूर विद्यापीठातून एम.एस्सी. झालेले शिवरामकृष्ण चंद्रशेखर यांनी १९७७ मध्ये बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत सहकाऱ्यांसह चकतीच्या आकाराच्या रेणूंचे द्रव-स्फटिक शोधले, आणि पुढे अशा चकत्या साखळीत गुंफून नवी बहुवारिके घडवली गेली.