रक्तातलं लोह आणि पाच खेपांचा हिशोब

सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला लोहाच्या गोळ्या फुकट मिळतात. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या. मग आपण चटकन म्हणतो, 'बायका गोळ्या घेतच नाहीत हो!'

पण गोळीनं मळमळतं, पोट बांधतं. वर चहा घेतला की आतडं लोह नीट शोषतच नाही. शिरेतून दिलेलं लोह आतड्याची वाटच टाळतं. गरोदरपणात पहिले तीन महिने सोडून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच ते देतात.

आता हिशोब करू. वजन ४५ किलो, हिमोग्लोबिन ७, न्यायचं ११ वर. ४५ गुणिले ४ गुणिले २.४ म्हणजे ४३२. साठ्याचे ५०० मिळवा. झालं सुमारे ९३० मिलिग्रॅम. आयर्न सुक्रोज एका वेळी साधारण २०० च देतात, म्हणजे पाच खेपा. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज हजारापर्यंत एकाच बैठकीत, पंधराएक मिनिटांत जातं, पण महाग. आपल्या सोलापुरात विडी वळणारीची मजुरी ठरते हजार विड्यांवर. पाच खेपा म्हणजे पाच मोडलेले दिवस. मग स्वस्त औषध नेमकं कुणाला स्वस्त पडलं?

कांटच्या मते, जे करणं शक्यच नाही ते कर्तव्य होत नाही. तिला बेजबाबदार ठरवण्याआधी आपण एवढं तरी तपासावं.

शेजारच्या बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजने एका डोसची गोळ्यांशी तुलना करणारी मोठी चाचणी हाती घेतली. तिथे हिमोग्लोबिनबरोबर बाळाचं जन्मवजनही मोजायचं ठरलं.