बारमाही बर्फाच्या गावी जाताना

'वर्षाचे 365 दिवस स्कीइंग' हे शब्द वाचले की उन्हाळ्याच्या काहिलीत कोणाचेही मन हिमशिखरांकडे धाव घेते. मुलांची मोठी सुट्टी उन्हाळ्यात आणि बर्फ मात्र हिवाळ्यात, ही आपल्या कुटुंबांची नेहमीची अडचण. दक्षिण स्वित्झर्लंडमधील झेरमॅट ती दूर करू शकते. मॅटरहॉर्न या 4,478 मीटर उंच शिखराच्या छायेतील या गावाच्या वर थिओडुल हिमनदी पसरली आहे आणि तिच्यावर जुलैतही स्कीइंग चालते.

तथापि, सहलीची आखणी करताना एक गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी. 'बारमाही' हे निसर्गाने दिलेले हमीपत्र नव्हे. 2022 च्या उन्हाळ्यात हिमनदी इतकी वितळली की जुलैअखेरीस तेथील स्कीइंग थांबवावे लागले. त्या आणि पुढील वर्षी मिळून स्वित्झर्लंडमधील हिमनद्यांचे सुमारे एक दशांश घनफळ नाहीसे झाले. शिवाय वारा वाढला की केबल कारही बंद राहते. म्हणून येथे एकाच दिवसाचा कार्यक्रम आखणे म्हणजे सारी ठेव एकाच ठिकाणी गुंतवण्यासारखे आहे. किमान तीन रात्रींचा मुक्काम ठेवावा आणि सकाळी आकाश पाहून मगच वरचे तिकीट काढावे. उन्हाळ्यात दुपारपर्यंत बर्फ मऊ पडतो, त्यामुळे स्कीइंग सकाळीच करावे लागते. प्रथमच शिकणाऱ्यांना हिवाळाच अधिक सोयीचा.

दुसरा विचार उंचीचा. झेरमॅट गावच सुमारे 1,600 मीटरवर, म्हणजे जवळजवळ आपल्या कळसूबाईच्या माथ्याइतके उंच आहे. तेथून केबल कार तासाभरात 3,883 मीटरवर पोहोचवते. तेथे समुद्रसपाटीच्या तुलनेत सुमारे 60 ते 65 टक्केच प्राणवायू मिळतो. हृदयविकार वा श्वसनाचा त्रास असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घेतल्यावाचून वर जाऊ नये. पहिला दिवस गावातच विश्रांतीचा ठेवावा. ज्येष्ठांसाठी गोर्नरग्राटची दातेरी रुळांची रेल्वे हा अधिक सौम्य पर्याय आहे. 1898 पासून धावणारी ही गाडी 3,089 मीटरपर्यंत नेते आणि मॅटरहॉर्नचे दर्शन तेथूनही मनोहर होते. सर्वांनी एकाच शिखरावर गेले पाहिजे, हा आग्रह कुटुंबाने सोडावा.

झेरमॅटमध्ये खाजगी मोटारींना प्रवेश नाही. मोटार 5 किलोमीटर अलीकडे टेश येथे ठेवून रेल्वेने 12 मिनिटांत गावात जाता येते. झुरिकहून रेल्वेने येणाऱ्यांनी फिस्प येथे गाडी बदलावी. शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. त्यासाठी किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा अनिवार्य आहे. त्या विम्यात स्कीइंगमधील अपघात आणि हेलिकॉप्टरने होणारी सुटका समाविष्ट आहे की नाही, हे बारीक अक्षरांतील अटी वाचून पाहावे. थोड्याशा हप्त्याची बचत ऐन वेळी फार महाग पडू शकते.

आहाराचा विचारही घरूनच करावा. रॉस्टी हा तेथील लोकप्रिय पदार्थ बटाट्याचा. फॉन्ड्यूमध्ये पांढरी वाइन घालतात आणि त्यातील ग्रुयेर चीजसाठी वासराच्या जठरातील रेनेट वापरले जाते. 'शाकाहारी' एवढ्या शब्दावर विसंबू नये. स्वयंपाकघर असलेली सदनिका भाड्याने घेऊन पीठ, डाळी, मसाले सोबत न्यावेत. जून-जुलैत तेथे सूर्यास्त रात्री नऊनंतर होतो, त्यामुळे सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाची घाई होत नाही. डिसेंबरमध्ये मात्र तो पाचच्या आतच होतो, तेव्हा दिवसाचा क्रम त्यानुसार बांधावा.

नातवाने आज पाहिलेली हिमनदी त्याच्या उतारवयात तेथे असेलच, असे म्हणवत नाही. म्हणून शक्य असेल त्यांनी ती जरूर पाहावी. पण सोबत एक राखीव दिवस, एक सौम्य पर्याय आणि ऐन वेळी बेत बदलण्याची मनाची तयारी अवश्य न्यावी.